पोस्टर, पौर्णिमा आणि कळंबचा किनारा

आमच्या पोस्टरवर 'किनारा' हा शब्द 'कनिारा' असा छापून आला होता. सहा फूट बाय चार फूट. लाल अक्षरात. आणि ते टांगून होईपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

तर झालं असं की, २०१९ साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी २१ मार्चला धुळवड होती, आणि त्या दिवशी नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या समुद्रात वसईचे पाच जण बुडाले. रंग खेळून पोरंटोरं, घरची माणसं समुद्रावर जातात, तशीच गेलेली माणसं. विरार-वसई पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही कळंब माहीत असतं. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, मग खाली भुईगाव, रानगाव... सुरूची झाडं आणि काळसर वाळूचा लांबलचक किनारा. आम्हीही कॉलेज बुडवून तिथे शंभरदा गेलो असू. त्यामुळे बातमी वाचून पोटात गोळा आला. 'आपणही असू शकलो असतो' असा.

आमच्या कॉलेजातल्या दहा-बारा जणांनी ठरवलं की काहीतरी करायचं. आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना 'काहीतरी' म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात, ॲप किंवा पोस्टर. परीक्षा तोंडावर होती, म्हणून पोस्टर.

मला शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड होती. एवढ्या भांडवलावर डिझाइनचं काम माझ्याकडे आलं. मी काय काढलं असेल? एक राक्षसी लाट, लाटेला कवटीचं तोंड, पाण्यातून वर आलेला एक हात, आणि वर 'जीवन अनमोल आहे! समुद्रकिनारी सावध राहा! पाण्यात उतरू नका!' अशी तीन उद्गारचिन्हांची घोषणा. खाली मदत करणाऱ्यांची नावं, त्याखाली कॉलेजचं नाव. मोजायला गेलं तर सगळ्यात मोठा टाइप कॉलेजच्या नावाचा होता. शाळेत असताना 'झाडे लावा, झाडे जगवा' च्या स्पर्धेत मी रडणारी पृथ्वी काढली होती. ही लाट म्हणजे त्याच पृथ्वीची मोठी बहीण. स्पर्धेत परीक्षक समोर असतो आणि त्याला विषय किती गंभीर आहे ते दाखवायचं असतं. मी कळंबच्या किनाऱ्यासाठीसुद्धा परीक्षकालाच डोळ्यासमोर ठेवून चित्र काढलं होतं, हे मला फार नंतर उमगलं.

'कनिारा' चं कारण तांत्रिक. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पण दिसताना वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. फोटोशॉपमध्ये त्यासाठीची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी जिथल्या तिथे राहते आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. चार वर्षं कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

गंमत म्हणजे मी वापरलेला फाँट होता मंगल. विंडोजवर मराठी वाचलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. तो ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी हे मुंबईच्या जे. जे. चे विद्यार्थी. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रात मुरलेले, नंतर आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवणारे. २००८ साली ते गेले. मराठी अक्षर पडद्यावर आणि कागदावर नीट उभं राहावं म्हणून ज्या माणसाने अर्धं आयुष्य घालवलं, त्यांच्याच अक्षराची मी अशी माती केली. असो.

३१ मार्चच्या रविवारी आम्ही ते बॅनर कळंबला सुरूच्या दोन झाडांना बांधलं. फोटो काढले. तेवढ्यात एक आजोबा सायकल हातात धरून येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"काय रे पोरांनो, हे कुणासाठी?"

"लोकांसाठी, आजोबा. पाण्यात जाऊ नये म्हणून."

"पाण्यात जायलाच तर येतात. मग जायचं नाय म्हणता तर करायचं काय त्यांनी इथे?"

आम्ही गप्प. मग ते म्हणाले, "कधी जायचं नाय ते लिहा ना. आज भरती कितीला?"

आम्ही दहा जणांनी दहा मोबाइल काढले. आजोबांनी विचारलं, "तिथी काय आज?" तेही कुणाला माहीत नव्हतं. एकाने शोधून सांगितलं, एकादशी. "मग, अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठच्या सुमाराला भरती होती. आता ओहोटी लागलीय." आणि सायकल घेऊन निघालेसुद्धा.

तिथीची पाऊणपट! कोकणकिनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे, त्यातली पाऊणकी इथे कामाला येते. यामागचं विज्ञान सोपं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तोंडी हिशोबासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

घरी येऊन मी धुळवडीचा हिशोब मांडला आणि अंगावर काटा आला. होळी फाल्गुन पौर्णिमेला, धुळवड दुसऱ्या दिवशी. म्हणजे धुळवड दरवर्षी, न चुकता, उधाणाच्या भरतीच्या दिवसांत येते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. शिवाय मार्च महिना. २०-२१ मार्चला दिवस-रात्र समान होतात आणि त्या सुमाराला उधाणं वर्षातल्या इतर उधाणांहून मोठी असतात. २०१९ मध्ये तर चंद्रही १९ मार्चला पृथ्वीच्या अगदी जवळ होता. तिन्ही गोष्टी एकत्र!

आता वेळ बघा. प्रतिपदेचा हिशोब पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला पूर्ण भरती. लोक रंग खेळून अंग धुवायला नेमके दुपारी समुद्रावर जातात. भरतीनंतर पाणी उतरायला लागतं, पण एकसारख्या वेगाने नाही. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशोब असा, की एकूण उताराचे बारा भाग केले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग उतरतात. समजा उतार चार मीटरचा आहे. तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला एक-एक मीटर पाणी खाली जातं. धुळवडीच्या दिवशी हे दोन तास येतात पावणेतीन ते पावणेपाच. जेवण झालेलं, पोरं पुन्हा पाण्यात, आणि पाणी जोरात माघारी निघालेलं.

हे सगळं सायकलवाल्या आजोबांना माहीत होतं. पंचांगात होतं. आमच्या सहा बाय चारच्या बॅनरवर मात्र एक कवटी होती.

तेव्हापासून मला सवय लागली आहे की कुठलंही जाहीर आवाहन दिसलं की बघायचं, हे नेमकं कुणाला, कधी आणि काय करायला सांगतंय? आणि मग मागे जात जात मी जिथे पोहोचलो ती जागा कळंबपासून फार लांब नाहीच!

सोपारा. सम्राट अशोकाच्या काळातलं मोठं बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले. मूळचे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम केलेले. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी अशोकाच्या लेखांचा मोठा खडक आहे आणि भगवानलाल लहानपणापासून त्या अक्षरांच्या नादी लागलेले होते. सोपाऱ्यात बुरूड राजाच्या कोटात त्यांनी स्तूप खोदला ते प्रसिद्धच आहे. पण त्याच वर्षी भाटेला तलावाजवळ त्यांना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला आणि त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांवरून त्यांनी ओळखलं की हा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. पुढे १९५६ साली भुईगावला आणखी एक दगड सापडला, नवव्या लेखाचा. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांनी तो उजेडात आणला. भुईगाव म्हणजे कळंबच्या खालचाच किनारा. आज मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोककालीन लेख बघायला मिळतो.

म्हणजे आम्ही जिथे 'कनिारा' लावला, त्या पट्ट्यात साडेबावीसशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने लोकांसाठी लिहून ठेवलं होतं! याला जनहितार्थ जारी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पण मला जास्त भावला तो या नवव्या लेखातला मजकूर. गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून तो पूर्ण कळतो. विषय आहे लोक करतात त्या मंगलविधींचा. अशोक सुरुवात कशी करतो? लोक कधी कधी विधी करतात ते आधी सांगतो. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मलं की, प्रवासाला निघताना. म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरात शिरतो. मग म्हणतो, बाबांनो, विधी करायचे तर करा, पण यांचं फळ थोडं. जास्त फळ देणारा मंगलविधी वेगळा आहे, आणि तो म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान ठेवणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. आणि पुढे तो सांगतो की ही गोष्ट बापाने, मुलाने, भावाने, मालकाने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेसुद्धा एकमेकांना सांगावी.

शेजाऱ्याने! त्या काळात वाचता येणारे किती असतील? दगडावर कोरलेलं वाचणार कोण? अशोकाला हे ठाऊक असणार. ओडिशातल्या धौली आणि जौगडच्या लेखांत तर त्याने सांगून ठेवलंय की हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा. म्हणजे दगड हा नुसता मूळ मसुदा. खरं काम ठरलेल्या दिवशी वाचणाऱ्याच्या आणि शेजारपाजारच्यांच्या तोंडून व्हायचं. वायव्येकडे त्याने खरोष्ठी लिपी वापरली, कंदाहारला ग्रीक आणि अरेमाइक. जिथे जो ऐकणारा, तिथे त्याची भाषा. आमच्या भाषेत सांगायचं तर लोकलायझेशन, डिप्लॉयमेंट आणि शेड्युलिंग, सगळं त्याने केलं होतं. आम्ही फक्त यूजरला न विचारता रिलीज केलं होतं.

दगडावरून कागदावर यायला मधे बरीच शतकं गेली. आपल्याकडे भिंतीवर छापील रंगीत चित्र आलं ते मुख्यतः देवादिकांचं. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चित्रशाळा काढली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. घरोघरी लक्ष्मी-सरस्वती लागल्या. तसबिरीकडे माणूस आपणहून बघतो, हात जोडतो. जाहिरातीकडे बघायची त्याला काहीच गरज नसते, त्याला थांबवावं लागतं. हे थांबवण्याचं शास्त्र शिकवायला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला. मूळ शाळा १८५७ ची. १९६१ मध्ये हा विभाग वेगळा होऊन जे. जे. उपयोजित कला संस्था झाली. आज महाराष्ट्रात कुठल्याही कला महाविद्यालयात उपयोजित कलेचा विद्यार्थी सामाजिक विषयावर पोस्टर करतो, त्याची परंपरा इथून येते. साबण विकायला शिकलेली नजर सामाजिक कामाला वापरायची, अशी ती कल्पना.

आणि सामाजिक कामाचं सगळ्यात मोठं भारतीय पोस्टर कुठलं? माझ्या मते लाल त्रिकोण. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, जगात असा पहिला. पण सांगायचं कसं? साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दीप त्यागी या अधिकाऱ्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं. उलटा लाल त्रिकोण, आणि चार हसरे चेहरे, आई, वडील, मुलगा, मुलगी. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असं. भिंतींवर, एसटीवर, दवाखान्यांवर, आणि एका जाहिरातीत तर हत्तीच्या पाठीवरसुद्धा. ज्या विषयावर र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवताना खटले अंगावर घेतले, तोच विषय चाळीस वर्षांत गावच्या भिंतीवर उघडपणे आला. हे यश छोटं नव्हतं.

पण पुढे काय झालं? आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या पुष्कळ सक्तीच्या किंवा सक्तीसारख्याच. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदाच संमत केला होता, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून टळला. त्रिकोण तोच होता, चार चेहरे तेच हसत होते. पण बघणाऱ्याला आता त्यात भीती दिसायला लागली. पोस्टरमध्ये एक रेघही न बदलता त्याचा अर्थ बदलला, कारण मागची वागणूक बदलली होती.

याच्या उलट उदाहरण पल्स पोलिओचं. १९९५ मध्ये मोहीम सुरू झाली. माझ्या पिढीने ते पोस्टर लहानपणी भिंतीवर पाहिलेलं आहे. डिझाइन म्हणून बघाल तर त्यात विशेष काही नाही. पण त्यात काय असायचं आठवून बघा. पाच वर्षांखालील मुलं, म्हणजे कोण. दोन थेंब, म्हणजे काय. रविवार, तारीख अमुक, म्हणजे कधी. जवळचं पोलिओ केंद्र, म्हणजे कुठे. आणि त्या रविवारी खरोखर कोपऱ्यावर टेबल मांडलेलं असायचं, ताई बसलेल्या असायच्या, करंगळीला शाई लागायची. दुसऱ्या दिवसापासून त्या घरी यायच्या. पोस्टरने जे सांगितलं ते शब्दशः व्हायचं. २०११ च्या जानेवारीत भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. श्रेय अर्थातच लशीचं आणि त्या ताईंचं. पण तारखेची ती रिकामी जागा मला फार शहाणी वाटते. दर फेरीला नवी तारीख भरायची!

आता प्रश्न येतो की हे सगळं सरकारांचं, सम्राटांचं झालं. विद्यार्थ्याने काय करायचं? तर विद्यार्थ्याचंही एक उदाहरण आहे आणि ते तुमच्या आत्ता हाताशी असलेल्या एखाद्या खोक्यावर छापलेलं असेल. एकामागोमाग फिरणारे तीन बाण. १९७० मध्ये अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला, त्या निमित्ताने कागदी खोकी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली. पाचशेहून अधिक प्रवेशिका आल्या. जिंकला गॅरी अँडरसन, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २३ वर्षांचा वास्तुरचनेचा विद्यार्थी. त्याने रडणारी पृथ्वी काढली नाही. त्याने मोबियसच्या पट्टीवरून तीन बाण काढले, ज्यात खोकं हातात असलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते दिसतं. चिन्ह जगभर गेलं. पण १९८८ नंतर प्लास्टिकच्या उद्योगाने तेच बाण आकड्यांसकट आपल्या मालावर छापायला घेतले, अगदी जे प्लास्टिक व्यवहारात पुन्हा वापरलं जात नाही त्यावरही. लोकांचा गोंधळ झाला. इथेही त्रिकोणाचीच गोष्ट. चिन्ह चांगलं असून भागत नाही, मागे कुणीतरी ते खोकं खरंच उचलून न्यावं लागतं.

तर परत कळंबला येऊ.

एप्रिलमध्ये आम्ही दुसरं पोस्टर केलं. या वेळी आधी तीन रविवार नुसते जाऊन बसलो. लोक कुठून येतात, काय वाचतात, काय वाचत नाहीत ते पाहिलं. उत्तर असं निघालं की बॅनर कुणीच वाचत नाही, पण चहा-वडापावच्या टपरीवरचा दरफलक सगळे वाचतात! कारण तिथे थांबावंच लागतं. मग आम्ही टपरीवाल्या काकांशी बोललो. पत्र्याचा एक फळा केला, दोन फूट बाय तीन फूट, पांढरा. चित्र नाही. वर मोठ्या अक्षरात 'आज पूर्ण भरती', खाली काळा चौकोन, खडूने वेळ लिहायला. त्याखाली 'भरतीनंतर पाणी आत ओढतं. दोन तासांनी ओढ सगळ्यात जास्त.' मराठीत आणि हिंदीत, कारण नालासोपाऱ्याहून येणारे अर्धे लोक हिंदीच बोलतात. अक्षरं एका रंगाऱ्याकडून हाताने लिहून घेतली. वेलांट्या सगळ्या जागच्या जागी!

फळ्यावर खाली 'पाण्यात उतरण्याची सुरक्षित वेळ' असा दुसरा चौकोन ठेवायचं माझ्या मनात होतं. डेटा आहे तर दाखवूया, असा विचार. सायकलवाले आजोबा त्या दिवशीही भेटले. त्यांनी साफ नाही म्हटलं. "चालेल असं कधी लिहायचं नाय. समुद्राचं आपण कोण सांगणार?" ते मला आजही पटतं. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. वाऱ्याचं, खड्ड्यांचं, बाजूला ओढणाऱ्या प्रवाहाचं गणित तिथीत नसतं. धोका सांगायला तो पुरतो, अभय द्यायला पुरत नाही.

काका रोज सकाळी टपरी उघडली की वेळ लिहायचे. आणि वेळ लिहिताना शेजारी जो कोणी उभा असेल त्याला तोंडानेही सांगायचे, "आज बारानंतर सांभाळून हां." भुईगावच्या दगडात हेच नव्हतं का? शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं.

फळा पावसाळ्यापर्यंत टिकला. जूनमध्ये निकाल लागला, मी नोकरीला लागलो, बाकीचे पांगले. २०२० ची धुळवड १० मार्चला होती. आदल्याच दिवशी महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले होते आणि त्यानंतरचं सगळं आपल्याला माहीतच आहे. लॉकडाऊन उठल्यावर गेलो तेव्हा टपरी जागेवर नव्हती. फळाही नव्हता.

त्या दोन महिन्यांत फळा वाचून एखादा माणूस पाण्यातून लवकर बाहेर आला का? मोजायला काहीच मार्ग नाही. सॉफ्टवेअरमध्ये मी दिवसभर आलेख बघतो, किती क्लिक, किती यूजर. इथे न घडलेल्या गोष्टीचा आलेख काढायचा होता. मला एवढंच आठवतं की एका रविवारी दोन पोरं फळ्यापाशी थांबली, एकाने घड्याळ बघितलं, आणि दुसरा म्हणाला, "चल, पहले चाय पीते हैं." आणि ती बसली. बस्स, एवढंच.

पहिल्या पोस्टरला कॉलेजात बक्षीस मिळालं होतं, हे सांगायचं राहिलं. प्रमाणपत्र घरी कुठेतरी आहे. त्यावर 'किनारा' बरोबर लिहिलंय.

यंदा धुळवडीला समुद्रावर जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून घ्या. इंटरनेटवर तक्ते असतात, घरी कालनिर्णय असतं. आणि हे दोन्ही नसेल तर धुळवडीचा हिशोब पाठच करून ठेवा, एक पाऊणे पाऊण. शेजाऱ्यालाही सांगा.